वंशनाम आणि प्रवेशद्वार : तंजावर, मॉरिशस व माले येथील स्थलांतरितांच्या तुलनेविषयी

परमुलखात जाऊन वसलेल्या दोन समाजांचे वंशज निवडावयाचे, त्यांचे उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय व घरांची मालकी यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडावयाचे आणि त्यांतून कोणता समाज अधिक उद्यमशील ठरला याचा निर्णय करावयाचा, हा सामाजिक लेखनातील एक रूढ प्रकार आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८० च्या जनगणनेपासून विस्तृत प्रश्नावलीत पूर्वजांचे मूळ विचारले जाऊ लागले. तेव्हापासून अशा तुलनांना सामग्रीचा तुटवडा राहिला नाही. डॅनिश वंशाचे व हंगेरियन वंशाचे अमेरिकन नागरिक यांची तुलना हे त्याचे एक सोयीचे उदाहरण होय. दोन्ही समाज युरोपातून गेलेले, दोन्ही आकाराने मर्यादित, दोन्ही आज इंग्रजीभाषक. वरवर पाहता तुलनेला लागणारी समानता येथे पुरेपूर आहे. पण ही समानता केवळ रकान्याची आहे. रकान्यातील नावामागे काय मोजले गेले हे पाहू लागताच तुलनेचा पाया खचू लागतो. मराठी समाजाच्या देशांतरासंबंधी आपल्याकडे जे लेखन होते त्यालाही हाच दोष जडलेला असल्यामुळे प्रथम या परक्या उदाहरणाचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल.

डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांपैकी फार मोठा भाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडील सरकारी जमीन वसाहतीसाठी खुली झाली होती. आयोवा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन या प्रदेशांत डॅनिश शेतकरी जमिनीचे मालक म्हणून वसले. मॉर्मन पंथ स्वीकारलेले काही हजार लोक यूटाकडे गेले. हंगेरीतून मोठा लोंढा निघाला तो १८८० ते १९१४ या काळात. तोवर सुपीक मोकळ्या जमिनीचा बहुतेक भाग वाटला गेला होता. हे लोक पेन्सिल्व्हानियाच्या कोळसाखाणींत, ओहायोच्या पोलादाच्या कारखान्यांत मजूर म्हणून शिरले. चार पैसे गाठीला बांधून गावी परतावे व जमीन घ्यावी हा अनेकांचा बेत होता आणि पुष्कळजण खरोखरच परतले. पुढे १९५६ च्या उठावानंतर तीस हजारांहून अधिक हंगेरियन निर्वासित अमेरिकेत आले. त्यांत विद्यार्थी, अभियंते, शास्त्रज्ञ यांचे प्रमाण मोठे होते. आज हंगेरियन वंशाची जी सरासरी काढली जाते तीत खाणकामगाराचा पणतू आणि अभियंत्याचा मुलगा हे एकाच संख्येत विरघळतात.

नावांची संदिग्धता तर याहूनही खोल आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीचे हंगेरीचे राज्य बहुभाषिक होते. तेथून निघालेला मनुष्य स्लोव्हाक, जर्मन, रुमेनियन वा ज्यू असू शके. उलट १८६४ च्या युद्धात श्लेस्विग प्रांत डेन्मार्कच्या हातून गेल्यावर तेथील डॅनिशभाषक प्रशियाचे प्रजाजन म्हणून जहाजावर चढत. म्हणजे एका रकान्यात परके आले आणि दुसऱ्यातून आपले गळले. या दोन रकान्यांच्या सरासरीतून ‘डॅनिश स्वभाव’ व ‘हंगेरियन स्वभाव’ यांविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या धान्यावरून जमिनीचा कस ठरविण्यासारखे आहे.

भाषेच्या अंगाने पाहिले तर आणखी एक समज कोसळतो. भाषा टिकविणारा समाज मागासलेला राहतो आणि भाषा सोडणारा पुढे जातो, असे एक मत. भाषा हरवणे हे समाज विस्कटल्याचे चिन्ह होय, असे दुसरे. डॅनिश वसाहतकारांनी स्वतःच्या लोकशाळा काढल्या, दोन प्रतिस्पर्धी चर्चसंघटना उभारल्या, तरी त्यांची भाषा पुष्कळच लवकर मागे पडली. ते विखुरलेले होते व त्यांची सांपत्तिक स्थिती स्थिर होती. औद्योगिक वस्त्यांत दाटीने राहणाऱ्या हंगेरियनांमध्ये मात्र भाषा अधिक काळ तगली. जोशुआ फिशमन यांनी १९६० च्या दशकात स्थलांतरितांच्या भाषांचा जो अभ्यास केला त्यात भाषानिष्ठेची भावना आणि भाषेचा प्रत्यक्ष वापर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. हा भेद आपल्याकडील चर्चेत सहसा केला जात नाही.

आता मराठीकडे वळू. ‘बृहन्महाराष्ट्र’ या कल्पनेभोवती जे व्याख्यानात्मक व स्मरणिकात्मक लेखन झाले आहे त्यात तंजावर आणि मॉरिशस ही दोन नावे हटकून येतात. तंजावरचा उल्लेख आला की पराक्रम, विद्या व कला यांचे स्मरण होते. मॉरिशसचा आला की कष्ट आणि निष्ठा यांचे. दोहोंवर ‘परमुलखातील मराठी माणूस’ अशी एकच पाटी असते, आणि मग त्या एका माणसाचे गुण शोधले जातात. हे लेखन सद्भावनेने केलेले असते यात शंका नाही. परंतु सद्भावना ही पद्धतीची जागा घेऊ शकत नाही.

तंजावरला मराठे गेले ते राज्यकर्ते म्हणून. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीने तेथे आपली गादी स्थापन केली. तिच्यामागोमाग कारकून, शास्त्री, कीर्तनकार, शिलेदार, शिंपी, स्वयंपाकी असा सगळा परिवार कावेरीच्या खोऱ्यात उतरला. शहाजीराजाच्या कारकिर्दीत, म्हणजे १६८४ ते १७१२ या काळात, दरबारात मराठी नाटके रचली गेली. सरफोजी दुसरा याच्या काळात सरस्वतीमहाल ग्रंथालयाची भरभराट झाली आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी इतिहास कोरला गेला. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. हा शिलालेख कोरला गेला तेव्हा राज्य उरले नव्हते. १७९९ च्या तहाने मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजाकडे किल्ला व तनखा एवढेच राहिले होते. सत्ता हातची गेल्यावर वंशाची नोंद दगडावर करून ठेवण्याची निकड भासावी, हे समाजाच्या आत्मनोंदीच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १८५५ मध्ये गादीही संपली.

गादी संपली तरी तिच्या आश्रितांपैकी सर्वांचे भाग्य एकाच दिशेने गेले नाही. तुलनेला येथेच पहिला तडा जातो. देशस्थ ब्राह्मण घराण्यांपाशी मोडी लेखन, हिशेब व दप्तर यांचे कौशल्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्याच्या महसुली कचेऱ्यांत मोडी-मराठीत हिशेब ठेवले जात. गुंटूर जिल्ह्यासंबंधी रॉबर्ट फ्रिकेनबर्ग यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या देशस्थ अंमलदारांच्या जाळ्याचे तपशीलवार चित्र सापडते. दप्तराकडून इंग्रजी शिक्षणाकडे आणि तेथून संस्थानांच्या दिवाणगिरीकडे जाणारा जिना त्यांच्यासाठी तयार होता. कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, ते या जिन्यावरूनच. शिलेदाराच्या वा शिंप्याच्या नातवाला हा जिना नव्हता. त्याचे कौशल्य दरबाराशी बांधलेले होते. दरबार गेल्यावर तो स्थानिक बाजारातील अनेकांपैकी एक झाला. तरीही ‘तंजावरचे मराठी’ म्हणताच डोळ्यांपुढे येतो तो दिवाण. शिंपी येत नाही. ही सरासरी नसून निवड आहे, आणि ती निवड तंजावरच्या लेखनात इतकी मुरली आहे की ती निवड म्हणून ओळखूही येत नाही.

मॉरिशसचे द्वार याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. गुलामगिरी रद्द झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास १८३४ साली आरंभ झाला. मुख्य ओघ कलकत्त्याहून व मद्रासहून गेला. मुंबई बंदरातून जाणारा ओघ त्या मानाने लहान, आणि बहुतांशी १८४० ते १८६० या दशकांतला. रत्नागिरी, कुलाबा, सातारा या भागांतील कुणबी, मराठा, महार व इतर जातींचे लोक या जहाजांवर होते. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये व शिधा, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची मुभा मळेवाल्याला होती. करार संपल्यावरही जुन्या मजुराला छायाचित्र असलेला परवाना बाळगावा लागे. १८६७ च्या कायद्याने ही जाचक व्यवस्था पक्की झाली आणि तिच्याविरुद्ध १८७१ मध्ये जो अर्ज झाला त्यातून राजकीय चौकशी आयोग नेमला गेला.

या समाजाचे आर्थिक उत्थान ज्या घटनेपासून मोजावे ती घटना कोणाच्या उद्यमशीलतेतून निघालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत साखरेचे भाव घसरले आणि मळेवाल्यांनी मळ्यांच्या कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकावयास काढल्या. ज्या मजुरांनी काटकसर करून थोडी रक्कम जमविली होती त्यांनी ते तुकडे घेतले. छोट्या ऊसउत्पादकांचा भारतीय वर्ग या विक्रीतून उभा राहिला. मुंबईहून गेलेले लोक त्या वेळेपर्यंत करारातून मोकळे होऊन दोन-तीन दशके लोटली होती. उशिरा आलेल्यांना हा अवधी मिळाला नाही. काटकसर हा गुण सर्वत्र असतो. जमीन विक्रीस निघण्याच्या वेळी गाठीला रक्कम असणे हा मात्र कालक्रमाचा प्रश्न आहे. उत्थानाचे श्रेय वंशाला देणाऱ्या तुलनेत हा कालक्रम कोठेच दिसत नाही.

‘मराठी’ हे नावही तेथे नव्याने घडले, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. रत्नागिरीच्या गावातून निघालेला मनुष्य घरी असता तर अमुक गावचा, अमुक जातीचा असे सांगता. मॉरिशसमध्ये त्याची ओळख ज्या बंदरातून तो निघाला त्यावरून ठरली. क्रिओल बोलीत मराठी लोकांना ‘बोंबाय’ म्हणजे मुंबईवाले म्हटले जाते. देशांतराने जाती पूर्णतः पुसल्या असे नव्हे, परंतु त्यांवर एक नवे सामायिक नाव चढले. म्हणजे ज्या समाजाची तुलना करावयाची तो समाज जहाजावर चढताना अस्तित्वातच नव्हता. तो उतरल्यावर झाला. तंजावरात नेमके उलट घडले. तेथे राज्याच्या छत्राखाली जे एक होते ते छत्र गेल्यावर जातीजातींत विभागले गेले आणि मराठीपणाचा मान त्यांतल्या एका गटाकडे गेला.

भाषेची स्थिती पाहू गेल्यास दोहोंमधील वैदृश्य आणखी स्पष्ट होते. तंजावर, कुंभकोणम, चेन्नई येथील देशस्थ घरांतून मराठी आजही बोलली जाते. तमिळच्या शेजारात तिचे रूप पुष्कळ बदलले आहे, पुण्याच्या माणसाला ती एकदम उमगत नाही, आणि ती बोलणाऱ्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. मॉरिशसमध्ये घरातील भाषा क्रिओल झाली. मराठी तेथे शाळेत शिकविली जाते, परीक्षेत लिहिली जाते, आरतीत व कीर्तनात म्हटली जाते. मोका येथे १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च अध्यापन होते. एका ठिकाणी बोलणारे आहेत पण वाचणारे थोडे, दुसऱ्या ठिकाणी वाचणारे आहेत पण बोलणारे थोडे. या दोहोंपैकी कोणी भाषा अधिक टिकविली, हा प्रश्न विचारण्यापूर्वी भाषा म्हणजे यांतील कोणती गोष्ट, हे सांगावयास हवे.

तंजावरच्या घरात मराठी का राहिली याचे उत्तर निष्ठेत शोधण्याचा मोह होतो. त्यापेक्षा चांगले उत्तर महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी केलेला, १९७१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तेथे मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना शतकांच्या सहवासाने जवळजवळ एकच झाली, तरी प्रत्येक घराने आपली शब्दसंपत्ती निराळी राखली. कारण जातीची व धर्माची घरे एकमेकांपासून वेगळी होती आणि बाहेरचा व्यवहार व घरातील व्यवहार यांच्यामध्ये भिंत होती. तंजावरच्या देशस्थांची मराठी याच भिंतीमुळे टिकली. विवाहसंबंध जातीत, स्वयंपाकघर वेगळे, कुळाचार वेगळा. मॉरिशसच्या मळ्यावरील वस्तीत अशी भिंत बांधणे शक्यच नव्हते. मजूर मिसळलेले, मुकादम भोजपुरी वा क्रिओल बोलणारा, सुरुवातीच्या जहाजांवर स्त्रियांची संख्या फार कमी, आणि १८६० च्या दशकानंतर मुंबईकडून नवे बोलणारे येण्याचे जवळजवळ थांबलेले. अशा स्थितीत भाषा घरातून गेली यात नवल नाही. ज्या भिंतीने एका ठिकाणी भाषा राखली तीच भिंत समाजरचनेच्या दृष्टीने स्पृहणीय होती काय, हा प्रश्न भाषाप्रेमाच्या भरात सहसा टाळला जातो.

मग मॉरिशसमध्ये मराठी शाळेत कशी राहिली? शासनाने ती मोजली म्हणून. १९७२ च्या जनगणनेनंतर तेथे समाजनिहाय प्रश्न विचारणे बंद झाले; परंतु पूर्वजांची भाषा कोणती, हा प्रश्न पुढेही विचारला गेला. ज्या भाषेत घरात कोणी बोलत नाही तिचेही नाव या रकान्यात सांगता येते. रकाना आहे म्हणून शिक्षक नेमले जातात, संस्था चालतात. गणेशचतुर्थीला तर तेथे सार्वजनिक सुटी असते. अमेरिकेतील वंशाच्या प्रश्नाचे आणि मॉरिशसमधील पूर्वजभाषेच्या प्रश्नाचे हे साम्य लक्षणीय आहे. जनगणना समाजाचे वर्णन करते असे आपण मानतो; पण पुष्कळदा ती समाज उभा करते.

येथवर आल्यावर तुलनेसाठी तिसरे स्थळ घेणे भाग पडते, आणि ते समुद्रापलीकडे नाही. पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या जलाशयाजवळ माले हे गाव आहे. नीला व मुळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरविण्यासाठी जे धरण बांधले त्यात पन्नासच्या आसपास गावांना झळ पोचली. सुमारे अकरा हजार माणसांचा प्रश्न होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली आहेत. १९२४ च्या अखेरीस आंदोलन संपले, बापट तुरुंगात गेले, आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. राजेंद्र व्होरा यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

सत्याग्रहाचा इतिहास लिहिला गेला. सत्याग्रहानंतर खोऱ्यातून उठलेल्या कुटुंबांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीची सांपत्तिक स्थिती काय, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि वंशनामावर उभारलेल्या पद्धतीने तो विचारताच येत नाही. काही कुटुंबे पाण्याच्या रेषेवर सरकून डोंगरउतारावर वसली. काही मुंबईच्या गिरण्यांत गेली. काही तालुक्यातच इतरत्र पांगली. भाताची खाचरे, आंबेमोहोराची जमीन, पाण्याखाली गेली. उतारावर उरलेल्या जमिनीत नाचणी व वरी पिकते, आंबेमोहोर नव्हे. हा फरक एका हंगामाचा नसून पिढ्यांचा असतो. तथापि ही माणसे मराठीच बोलत राहिली, मराठी मुलखातच राहिली. त्यांना क्रिओल शिकावी लागली नाही, तमिळ शिकावी लागली नाही, म्हणून ती देशांतरित ठरली नाहीत.

आडनावाचाही आधार येथे मिळत नाही. कोकणात गावावरून पडलेली ‘कर’ प्रत्ययाची आडनावे देशांतराचा माग दाखवितात. मावळात जुन्या घराण्यांची आडनावे खोऱ्यांशी बांधलेली आहेत : पौड खोऱ्यात ढमाले, मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर देशमुख. अशा आडनावाचा मनुष्य भेटला तर त्याचे खोरे सांगता येते. त्याच्या पणजोबाचे घर पाण्याखाली आहे की काठावर, हे सांगता येत नाही. त्यातच मावळातून मुंबईला जाणे धरणामुळेच सुरू झाले असे नाही. मुंबईचे डबेवाले, गोदीतील व गिरण्यांतील कामगार यांत मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर येथील लोक धरणाच्या आधीपासून होते. एकाच चाळीत एक मावळा पोटासाठी आलेला आणि दुसरा बुडीत गावचा, अशी स्थिती झाली. हंगेरियन खाणकामगार व निर्वासित अभियंता यांच्यासारखेच हे मिश्रण आहे, फरक इतकाच की येथे रकानासुद्धा नाही.

भारतीय जनगणना जन्मस्थान विचारते. १९७१ पासून मागील वास्तव्याचे ठिकाण व १९८१ पासून स्थलांतराचे कारण विचारते. परंतु हे प्रश्न स्वतः स्थलांतर केलेल्या माणसासाठी आहेत. मुंबईत जन्मलेला आणि मुंबईतच राहिलेला नातू त्यांच्या दृष्टीने स्थलांतरित नाही. १९८१ च्या कारणांच्या यादीत नोकरी, शिक्षण, विवाह, कुटुंबासमवेत जाणे ही कारणे होती. प्रकल्पासाठी उठविले जाणे हे स्वतंत्र कारण नव्हते. महाराष्ट्रात विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला, मुळशीच्या भूसंपादनानंतर अर्धशतकाने. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द त्यानंतर प्रशासनात स्थिरावला. त्याला दाखला जोडला गेला, दाखल्याला सवलत जोडली गेली. शब्द उशिरा आल्यामुळे ज्यांना तो लागू व्हावयाचा ते त्याच्या आधीच बुडून गेले होते, असे म्हणणे कठोर वाटेल. पण भाषाशास्त्रज्ञाला शब्दाचा जन्मकाल महत्त्वाचा वाटतो तो याच कारणासाठी.

मॉरिशसच्या मजुराला क्रमांक देण्यात आला होता. ती व्यवस्था अपमानास्पद होती यात वाद नाही. पण त्या क्रमांकासमोर नाव, वय, जात, जिल्हा व गाव लिहिलेले असे, आणि मोका येथील संस्थेत जपलेल्या त्या नोंदवह्यांतून आजचा वंशज आपले कोकणातील वा देशावरील गाव शोधू शकतो. तंजावरच्या माणसाला मोडी दप्तर व देवळाची भिंत आहे. मुळशीच्या माणसाला काय आहे? १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली तयार झालेले कागद. भरपाईचा हिशेब जमिनीच्या नोंदीवर चाले. खोऱ्यातील पुष्कळ जमीन सावकारांकडे गहाण पडलेली वा त्यांच्या नावे झालेली होती, आणि ती कसणाऱ्या कुळाला हक्क देणारा कायदा १९४८ पर्यंत व्हावयाचा होता. म्हणून या कागदांत मालक दिसतो, कसणारा अंधुक दिसतो वा दिसतच नाही. उद्या कोणी ‘मुळशीच्या विस्थापितांचे वंशज’ असा गट या कागदांवरून बनविला, तर त्यात पुण्यात राहणाऱ्या सावकाराचा नातू येईल आणि नांगर धरणाऱ्याचा नातू वगळला जाईल. तंजावरच्या लेखनात दिवाण दिसतो व शिंपी दिसत नाही, तोच हा प्रकार. येथे फक्त त्याचे परिणाम अधिक जवळचे आहेत.

यावरून तुलना निरर्थक आहे असे सुचवावयाचे नाही. तुलनेवाचून सामाजिक अभ्यास होतच नाही. प्रश्न आहे तो तुलनेचे एकक कोणते घ्यावयाचे याचा. वंशनामाऐवजी प्रवेशद्वार घेतले, म्हणजे समाज कोणत्या साली, कोणते कौशल्य वा किती जमीन घेऊन, आणि कोणत्या नोंदवहीतून आत शिरला हे घेतले, तर तंजावरचा शिंपी व मॉरिशसचा ऊसकामगार यांची तुलना तंजावरचा शिंपी व तंजावरचा दिवाण यांच्या तुलनेपेक्षा अधिक फलदायी ठरेल. अमेरिकेतील डॅनिश शेतकरी जमीन मिळवून वसला आणि मुळशीचा मावळा जमीन देऊन उठला. या दोन घटनांमध्ये अर्धशतकाहून थोडेच अधिक अंतर आहे. त्यांचे वंशज एका कोष्टकात मांडण्याची कल्पना विक्षिप्त वाटेल, पण डॅनिश व हंगेरियन यांना एका कोष्टकात मांडताना ती तशी वाटत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

माले व परिसरासंबंधी असे काम करावयाचे झाल्यास त्याची साधने सरकारी दप्तराबाहेर शोधावी लागतील. मावळातील पुष्कळ गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे आहेत. गावदेवाच्या जत्रेसाठी त्यांच्याकडून वर्गणी गोळा होते आणि तिच्या वह्या राखल्या जातात. गाव पाण्याखाली गेले तरी देव काठावर आणून बसविलेला असतो, आणि वर्गणी देणारा आपले नाव त्या जुन्या गावाखाली लिहितो. मालक व कूळ हा भेद त्या वहीत नसतो. शाळांची जुनी रजिस्टरे, लग्नपत्रिकांवर ‘मूळ गाव’ म्हणून छापलेली नावे, बारशाच्या व दहाव्याच्या निमंत्रणांत अजून उच्चारली जाणारी वाड्यांची नावे ही सामग्री याच जातीची आहे. ज्या पिढीने ही गावे कोरडी पाहिली ती आता उरलेली नाही; तिच्याकडून नावे ऐकलेली पिढी अजून आहे.